बर्फ हिमालयात, हुडहुडी ताडोबात
नाताळच्या सुटीत चंद्रपूर-गडचिरोलीला निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज कसा वाचावा?

चंद्रपूर (प्रतिनिधी) : चंद्रपूरची देशाला ओळख आहे ती उन्हाळ्यामुळे. एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणारा पारा, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या एवढेच चित्र बाहेरच्या माणसाच्या मनात असते. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस पुण्या-मुंबईहून आलेला पर्यटक पातळसा स्वेटर घेऊन ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारावर पहाटे उभा राहतो आणि उघड्या जिप्सीत पहिल्या दहा मिनिटांतच काकडू लागतो. या जिल्ह्यांत बर्फ पडत नाही, ही माहिती खरी आहे. पण येथे उतरणारा कडाका बहुतेक वेळा हिमालयात पडलेल्या बर्फाच्या मागोमाग येतो, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. श्रीनगर, गुलमर्ग किंवा मनालीच्या बर्फवृष्टीची दृश्ये दूरचित्रवाणीवर झळकू लागली, की विदर्भातील प्रवाशाने ती केवळ करमणूक म्हणून पाहू नयेत. पुढच्या दोन-तीन दिवसांतील आपल्या थंडीची ती आगाऊ वर्दी असू शकते.

बर्फाचा आणि विदर्भाचा संबंध

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकत येणाऱ्या वातावरणातील विक्षोभांना हवामान खाते ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणते. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे ते काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात पोहोचतात. तेथील डोंगरांवर बर्फ आणि पंजाब-हरियाणाच्या मैदानात पाऊस, हा त्यांचा नेहमीचा परिणाम. विक्षोभ जवळ येत असताना मध्य भारतात आकाश ढगाळते, वारे दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून वाहू लागतात आणि रात्रीचे तापमान उलट वाढते. ‘काल काश्मिरात एवढा बर्फ पडला, मग आमच्याकडे उकाडा कसा?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

विक्षोभ पुढे सरकला, की चित्र पालटते. त्याच्या मागे उत्तरेकडून व वायव्येकडून कोरडे, थंड वारे सुटतात. राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून सातपुड्याच्या अलीकडे हे वारे येतात तेव्हा आधी नागपूर, गोंदिया, भंडारा आणि मग ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोली असा पारा उतरत जातो. मध्ये काही अडथळा आला नाही, तर बर्फवृष्टीचा जोर ओसरल्यानंतर साधारण दोन-तीन दिवसांत त्याचा परिणाम येथे जाणवतो.

हा ‘काही अडथळा’ मात्र महत्त्वाचा आहे. पूर्व विदर्भ हा हवेच्या दृष्टीने दोन दरवाजांचा प्रदेश आहे. एक दरवाजा उत्तरेकडे उघडतो, दुसरा बंगालच्या उपसागराकडे. उपसागरातून बाष्प येऊ लागले की उत्तरेच्या वाऱ्यांना पायबंद बसतो, ढग येतात आणि थंडी गायब होते. ५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ धडकले, तेव्हा ऐन डिसेंबरमध्ये पूर्व विदर्भात पाऊस झाला. शेतात कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा भिजल्या आणि चेन्नईकडे जाणाऱ्या अनेक गाड्या रद्द झाल्या. त्यामुळे डिसेंबरमध्ये येथे येणाऱ्याने एक डोळा काश्मीरवर आणि दुसरा उपसागरावर ठेवलेला बरा.

वेधशाळेचा आकडा आणि जंगलातील थंडी

अंदाजात चंद्रपूरचे किमान तापमान ११ अंश दिलेले असते आणि ताडोबातील मुक्कामी माणूस छातीठोकपणे सांगतो, की रात्री सात-आठ अंश होते. दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते. अशा वेळी गवताच्या पात्याजवळचे तापमान पेटीतील तापमानापेक्षा काही अंशांनी कमी असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या दिवशी तेथील वेधशाळेत शून्य अंशाची नोंद नसते, ती याच कारणाने.

त्यात भूगोलाची भर पडते. थंड हवा जड असते. उतारावरून ती खाली ओघळते आणि तलावाच्या, नदीच्या खोलगट भागात साचते. ताडोबा तलावाचा परिसर, इरईचे पात्र, वैनगंगेच्या काठची गावे येथे पहाटे जाणवणारा गारठा शहराच्या मध्यवस्तीत जाणवत नाही. शहराला सिमेंटची, वाहनांची आणि कारखान्यांची ऊब असते. जंगलातील मुक्कामासाठी शहराच्या आकड्यातून दोन-तीन अंश वजा करूनच कपडे भरावेत.

थंडी किती वाढली म्हणजे ‘थंडीची लाट’ म्हणायचे, याचेही निकष ठरलेले आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले पाहिजे. घट ६.४ अंशांहून अधिक झाली, तर ती तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, तर सरासरीचा हिशेब न पाहताच लाट जाहीर होते आणि २ अंशांवर किंवा खाली गेल्यास तीव्र लाट. समजा एखाद्या ठिकाणची त्या दिवसाची सरासरी १३ अंश आहे, तर साडेआठपर्यंत उतरल्याशिवाय तेथे लाट म्हणता येणार नाही. म्हणजे नऊ अंशांच्या पहाटे कोणताही इशारा नसतो आणि तरीही उघड्या वाहनातील लहान मुलाचे दात वाजत असतात. इशारा नाही याचा अर्थ थंडी नाही, असा घेऊ नये.

आठवण करून द्यायची तर २०१८ च्या वर्षाखेरीची. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. १९३७ च्या जानेवारीतील ३.९ अंशांचा जुना नीचांक त्या दिवशी मोडला. तो दिवस नेमका नाताळ आणि नववर्षाच्या मधला, म्हणजे पर्यटकांच्या सर्वाधिक गर्दीचा होता.

कोणत्या प्रश्नाला कोणता अंदाज

सर्वाधिक गोंधळ होतो तो येथे. ताडोबाच्या सफारीचे आरक्षण नाताळच्या आठवड्यासाठी कित्येक आठवडे आधी करावे लागते. त्या वेळी ‘२८ डिसेंबरला थंडी किती असेल?’ असे विचारणे व्यर्थ आहे. एवढ्या आधी एका दिवसाचे तापमान सांगणारे शास्त्र आज उपलब्ध नाही. भ्रमणध्वनीवरील काही खासगी अॅपमध्ये महिनाभर पुढचे आकडे दिसतात, ते बहुधा सरासरीवर बेतलेले असतात. त्यांच्या भरवशावर तारीख बदलू नये.

हवामान खाते डिसेंबर ते फेब्रुवारी या तिमाहीचा अंदाज नोव्हेंबर संपता संपता जाहीर करते. त्यात ‘किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता’ असे म्हटलेले असले, तरी तो तीन महिन्यांचा गोळाबेरीज कल असतो. उबदार हिवाळ्यातही चार दिवसांची कडक लाट येऊन जाऊ शकते. प्रशांत महासागरातील ‘ला निना’मुळे थंडी वाढणार, अशा मथळ्यांचेही तसेच आहे. कल सांगता येतो, तारीख सांगता येत नाही.

दर गुरुवारी खात्याकडून पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यातील पहिले दोन आठवडे प्रवाशाच्या कामाचे असतात. या आठवड्यात उत्तरेकडे विक्षोभांची रांग आहे की नाही, मध्य भारतातील रात्री सरासरीपेक्षा थंड राहतील की उबदार, हे त्यावरून कळते. बॅगेत जाड जाकीट टाकायचे की नाही, याचा निर्णय मात्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या पाच-सात दिवसांच्या जिल्हानिहाय अंदाजावर करावा. विदर्भासाठी हेच केंद्र अधिकृत आहे. शेवटच्या तीन तासांसाठी, विशेषतः वादळी पाऊस किंवा विजांची शक्यता असल्यास, तात्कालिक इशारे असतात. नागपूरच्या डॉप्लर रडारचा त्यांना आधार मिळतो. खात्याचे ‘मौसम’ आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजांसाठीचे ‘दामिनी’ ही दोन अॅप प्रवासात असावीत. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा, एवढे रंगांचे कोष्टक लक्षात ठेवले तरी पुरे.

याच दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पर्यटक तो पाहत नाहीत, पण पाहण्यासारखा असतो. त्यात पुढील काही दिवसांचे पाऊस, ढग, कमाल-किमान तापमान आणि आर्द्रतेचे आकडे जिल्ह्याप्रमाणे दिलेले असतात, तेही कोणत्याही नाट्यमय मथळ्याविना.

बर्फ पाहायला निघालेल्यांसाठी

चंद्रपूर-बल्लारपुरातून उत्तरेकडे जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. दिल्ली-चेन्नई हा मुख्य लोहमार्ग बल्लारशाहवरून जातो. कन्याकुमारीहून कटऱ्याला जाणारी ‘हिमसागर एक्स्प्रेस’ही याच मार्गाने धावते. नाताळात बर्फ हमखास मिळेल, या समजुतीने निघालेल्यांची दोन प्रकारे निराशा होते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाअखेरपर्यंत जवळजवळ उघडे होते. बर्फावरील खेळांसाठी आलेल्यांना माती आणि वाळलेले गवत पाहून परतावे लागले. काश्मिरातील ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडक हिवाळा २१ डिसेंबरला सुरू होतो. तेव्हा नाताळ हा त्या हंगामाचा आरंभ असतो, ऐन भर नव्हे. याउलट त्याच वर्षाच्या अखेरीस, २०२४ च्या नाताळच्या आठवड्यात, मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक झालेल्या बर्फवृष्टीने शेकडो वाहने अडकून पडली आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली.

अशा प्रवासासाठी श्रीनगर, शिमला आणि देहरादून येथील हवामान केंद्रांचे अंदाज पाहावेत. हिमस्खलनाचे इशारे चंदीगड येथील संरक्षण खात्याची भू-सूचनाविज्ञान संशोधन संस्था देते. पर्वतीय भागात नारिंगी इशारा असताना टॅक्सीचालक ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी पुढे जाण्याचा आग्रह धरू नये. त्याला त्या दिवसाचे भाडे हवे असते.

धुके : दिल्लीतले आणि आपले

परतीच्या प्रवासाचा खरा शत्रू बर्फ नसून धुके असते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडले, की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. बल्लारशाहला आकाश निरभ्र असते, फलाटावर ऊन पडलेले असते आणि गाडी मात्र मथुरा-आग्र्याच्या आसपास रांगत असते. दुसरी अडचण याहून कमी लक्षात येते. दक्षिणेकडून वेळेवर निघणारी गाडीही उशिरा सुटू शकते, कारण उत्तरेकडून उशिरा पोहोचलेलेच डबे परतीच्या फेरीला लावायचे असतात. यासाठी आपली गाडी कोठे आहे एवढेच न पाहता तिचा जोडीचा डबासंच कोठे आहे, हेही पाहावे. रेल्वे दरवर्षी धुक्याच्या काळासाठी उत्तरेकडील काही गाड्या आधीच रद्द करते किंवा त्यांच्या फेऱ्या कमी करते. इंजिनांत धुक्यात पुढच्या सिग्नलची सूचना देणारी, उपग्रहाधारित उपकरणेही बसवलेली आहेत. तथापि पुढच्या गाडीला लागणारा उशीर ती भरून काढू शकत नाहीत. सफारी सकाळची असेल, तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणारी गाडी निवडणेच शहाणपणाचे.

दृश्यमानता एक हजार मीटरपेक्षा कमी झाली, की त्याला शास्त्रीय भाषेत धुके म्हणतात. दोनशे मीटरखाली दाट आणि पन्नास मीटरखाली अतिदाट. चंद्रपूर-गडचिरोलीत अतिदाट धुके रोजचे नाही. पण हिवाळी पाऊस होऊन आकाश मोकळे झाले, की पुढच्या एक-दोन पहाटे वैनगंगा, वर्धा आणि प्राणहितेच्या काठाने ते हमखास उतरते. विदर्भातील शेतकरी त्याला ‘धुवारी’ म्हणतात आणि तुरीच्या फुलोऱ्यासाठी त्याचा धसका घेतात. चंद्रपूर शहराभोवती त्यात धुराची भर पडते. थंड रात्री जमिनीलगत थंड आणि वर उबदार असा हवेचा उलटा थर तयार होतो, त्यामुळे धूर वर न जाता खालीच कोंडला जातो. २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र, कोळशाच्या खाणी आणि घरोघरच्या शेकोट्या यांचा धूर आणि धुके यांच्यातील फरक तेव्हा डोळ्यांना कळत नाही; दम्याच्या रुग्णाला मात्र लगेच कळतो.

रस्त्याने येणाऱ्यांसाठी अंतरे थोडक्यात अशी आहेत. नागपूर ते चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर, चंद्रपूर ते गडचिरोली सुमारे ऐंशी, आणि तेथून आष्टी, आलापल्लीमार्गे भामरागड आणखी पावणेदोनशेच्या घरात. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे जुने स्थानक एकच, ते म्हणजे देसाईगंजचे वडसा. त्यापुढे सारी भिस्त रस्त्यावर आहे. आष्टी-आलापल्ली-एटापल्ली पट्ट्यात सूरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहने धावतात. पहाटेच्या धुक्यात बंद पडून उभा असलेला, मागचा दिवा नसलेला ट्रक हा तेथील सर्वांत मोठा धोका आहे. सकाळी आठपूर्वी आणि सूर्यास्तानंतर या रस्त्यावर वाहन चालवू नये. डिसेंबरअखेरीस येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आतच मावळतो, हे वेळापत्रक आखताना ध्यानात घ्यावे. आलापल्लीच्या पुढे भ्रमणध्वनीला सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही, त्यामुळे अंदाज तेथे पोहोचण्यापूर्वीच पाहून घ्यावा.

जिप्सीतील वारा

चोवीस तासांतील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असते. हिवाळ्यात ताडोबाचे प्रवेशद्वार उघडण्याची वेळही जवळपास तीच. म्हणजे पर्यटक दिवसातील सर्वांत थंड तास नेमका उघड्या वाहनात काढतो. त्यात वेगाचा वारा मिसळतो. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राने हिशेब केला, तर हवेचे तापमान आठ अंश असताना ताशी वीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ते सुमारे पाच अंशांइतके जाणवते. ताशी पन्नासने दुचाकीवर जाणाऱ्याला तीन अंशांच्या आसपास.

एकच जाड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर आणि वरून वारा अडवणारे जाकीट अधिक उपयोगी पडते, कारण दहा वाजता याच जंगलात ऊन चटका देऊ लागते आणि दुपारी पारा अठ्ठावीसच्या जवळ जातो. कान, हात आणि पाय झाकावेत. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. लहान मुले आणि वृद्धांना जिप्सीच्या मागच्या उंच आसनावर न बसवता मधल्या आसनावर बसवावे. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी थंडीच्या लाटेत सकाळची फेरी सोडून दुपारची घेतली, तर काही बिघडत नाही. हिवाळ्यात वाघ दिसण्याची संधी उन्हाळ्यापेक्षा कमी असते, ही वस्तुस्थिती आहे. पावसाळ्यानंतरचे गवत उंच असते आणि पाणी जागोजागी असते. पण पक्षिनिरीक्षकांसाठी हाच हंगाम. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब या काळात पूर्व विदर्भाच्या तलावांवर उतरतात. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, हे आरक्षणापूर्वी पाहावे. हवामानामुळे फेरी रद्द करायची झाल्यास पैसे परत मिळण्याचे नियम काय आहेत, तेही तेव्हाच वाचून घ्यावेत.

जिप्सीत पर्यटकांसाठी ब्लँकेट आहे का, हे सगळे विचारतात. पुढे बसलेला मार्गदर्शक बफरमधल्या गावचा असतो, हंगामभर दिवसाच्या दोन्ही फेऱ्यांत तोच वारा खातो. त्याच्या अंगावर काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही.

बंद खोलीतील सिगडी

थंडीच्या बातम्यांत ज्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो, तो धोका येथे आधी सांगितला पाहिजे. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, भद्रावती हा कोळशाचा पट्टा आहे. घरोघरी आणि लहान मुक्कामस्थानी कोळशाची सिगडी सहज पेटवली जाते. दारे-खिडक्या बंद करून ती खोलीत ठेवली, तर प्राणवायू कमी पडल्याने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि गुंगी ही त्याची लक्षणे. ३१ डिसेंबरच्या रात्री ती प्रवासाच्या थकव्यावर किंवा मद्यावर ढकलली जातात आणि झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. लाकडाचा निखारा असला, तरी धोका तोच. तंबूत तर तो अधिक. लहानशा न्हाणीघरात लावलेला, हवा खेळती नसलेला गॅसवरचा गिझरही त्याच वर्गातला. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे दगावली. बंद काचा आणि चालू इंजिनांमुळे मोटारीत शिरलेला हाच वायू त्यातील काही मृत्यूंमागे होता, असे तेव्हा सांगण्यात आले.

शेकोटी अंगणातच असावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी. खोलीत कोणी अर्धवट शुद्धीत आढळल्यास आधी त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जंगलाच्या हद्दीत शेकोटी पेटवण्यास मनाई आहे.

ज्यांना सुटी नाही

२३ डिसेंबर हा हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाचा स्थापना दिन. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. वर्षाखेरीच्या सुटीत शाळांच्या सहली आणि शहरी कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे जातात. वरोऱ्याच्या आनंदवनातही तीच गर्दी असते. या पाहुण्यांना दोन रात्रींचा गारठा ‘अनुभव’ वाटतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत मात्र तो अडीच महिने रोजचा असतो.

या दोन जिल्ह्यांत सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. या रुग्णांच्या लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अचानक लागलेला गारठा हे अशा वेदनांचे एक ज्ञात कारण आहे. थंड पाण्याने आंघोळ, ओले कपडे, गार फरशीवरची झोप यांनी त्या उद्भवू शकतात. पाणी कमी प्यायल्यानेही तेच होते आणि थंडीत मुले पाणी कमीच पितात. आश्रमशाळेतील अशा मुलांसाठी पाच दिवस आधी आलेला थंडीचा अंदाज म्हणजे नुसती बातमी नव्हे. गरम पाणी, जादा पांघरूण आणि औषधांची तयारी करण्याची ती मुदत आहे. ब्लँकेट वाटपाची छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत येतात ती बहुधा जानेवारीच्या मध्यावर. पहिली लाट तोवर येऊन गेलेली असते. मदत करू इच्छिणाऱ्या सहलींनी आणि संस्थांनी ती नोव्हेंबरातच पोहोचवावी.

डिसेंबर हा धानाच्या मळणीचाही काळ. कापलेल्या धानाचे पुंजणे शेतात रचलेले असतात आणि रानडुकरांपासून ते राखण्यासाठी शेतकरी रात्री जागलीला जातो. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने गडचिरोलीत मुक्काम ठोकल्यापासून या राखणीचे स्वरूप बदलले आहे. वाघाचे भय तर दोन्ही जिल्ह्यांत आहेच. सात-आठ अंशांच्या रात्री शेकोटीजवळ बसावे, तर उजेडापलीकडचे दिसत नाही. अंधारात बसावे, तर गारठ्याने हातपाय आखडतात. वनखाते हत्तींच्या हालचालींच्या सूचना गावोगावी देते. रात्रीच्या प्रवाशांनीही त्या विचारून घ्याव्यात, आणि रस्त्यात कळप आढळल्यास छायाचित्राच्या मोहाने वाहन थांबवू नये.

गारा म्हणजे बर्फवृष्टी नव्हे

जानेवारी संपला, की उत्तरेची थंड हवा आणि उपसागराचे बाष्प यांची गाठ विदर्भावर पडू लागते. उंच वाढलेल्या गडगडाटी ढगांतून गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील आणि २०१८ च्या फेब्रुवारीतील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील रब्बी पिके झोपवली. शेते पांढरीशुभ्र झाली आणि ‘विदर्भात बर्फ पडला’ अशी छायाचित्रे फिरली. जमिनीपर्यंतची हवा गोठणबिंदूच्या आसपास असल्याशिवाय बर्फ खाली पोहोचत नाही. गारा मात्र पंचवीस अंशांच्या दुपारीही पडतात. फेब्रुवारीत सफारीला किंवा महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या मार्कंडादेव यात्रेला येणाऱ्यांनी थंडीपेक्षा विजांचा इशारा पाहावा. उघड्या जिप्सीला छप्पर नसते आणि विजा चमकत असताना झाडाखाली उभे राहणे घातक ठरते.

जानेवारीतील बेत आखणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. थंडीने हत्तींच्या पायांना भेगा पडतात. त्यासाठी दरवर्षी जानेवारीत त्यांना दहा दिवसांच्या आसपास वैद्यकीय रजा दिली जाते आणि वनौषधींचा गरम लेप पायांना दिला जातो. या उपचाराला तेथे ‘चोपिंग’ म्हणतात. त्या दिवसांत पर्यटकांना हत्ती पाहता येत नाहीत. आलापल्लीहून निघण्यापूर्वी रजेच्या तारखा वनविभागाकडे विचारून घ्याव्यात.